पाळी जाताना येणाऱ्या गरम वाफा आणि जवसाचं ताक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मला ह्या वाफा, ज्यांना इंग्रजीत हॉट फ्लॅश म्हणतात, ४७व्या वर्षी सुरू झाल्या, आता ५२ चालू आहे. माहेर यवतमाळकडचं, त्यामुळे जवस घरात कायम असायचा, चटणीचा. लग्नानंतर ठाण्यात आले, आणि आता गेली चार वर्षं रोज सकाळी जवसाचं ताक पिते. वॉकला येणाऱ्या बायका, भिशीतल्या मैत्रिणी, नणंदा, त्यांच्या जावा, सगळ्या तेच तेच प्रश्न विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी डॉक्टर नाही. पण जे वाचलं, जे डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं आणि जे स्वतःच्या अंगावर अनुभवलं तेवढंच सांगणार आहे, वाढवून काही नाही.

हॉट फ्लॅश म्हणजे नक्की काय होतं? मला तोच होतोय हे कसं कळेल?

मला पहिल्यांदा झालं तेव्हा मी पोळ्या करत होते, डिसेंबर महिना, खिडकी उघडी. छातीच्या मधून काहीतरी गरम वर चढायला लागलं, मान, कान, गाल, मग केसांच्या मुळापर्यंत, मंगळसूत्राखाली घामाची धार, मानेमागचे केस ओले चिंब, छातीत धडधड. तव्यावरची पोळी करपली पण मला हात उचलवेना. दोन-तीन मिनिटांत सगळं ओसरलं आणि मग चक्क थंडी वाजायला लागली, शाल घेऊन बसले. हे असं अचानक चढणं, घाम आणि नंतर हुडहुडी, म्हणजे तोच. काहींना दिवसातून एकदा, काहींना तासातासाला. रात्री झालं तर उशीचा अभ्रा भिजतो आणि झोपेचं खोबरं होतं ते वेगळंच.

पण हे होतं कशाने? अंगात उष्णता वाढते म्हणून?

बहुतेक सगळ्या हेच समजतात आणि मीही समजायचे. खरं तर अंगात उष्णता साठलेली नसते. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो शरीराचं तापमान सांभाळतो, फ्रीजमधला थर्मोस्टॅट असतो ना तसा. पाळी जायच्या सुमारास इस्ट्रोजेन नावाचं बायकांच्या अंगातलं हार्मोन कमी व्हायला लागतं आणि हा थर्मोस्टॅट फार हळवा होतो. एरवी अंगाचं तापमान थोडं इकडचं तिकडं झालं तरी त्याला चालायचं, आता एवढ्याशा फरकानेही त्याला वाटतं की बाई तापली, लगेच गार करा. मग तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या मोकळ्या सोडतो, चेहरा लाल होतो, घाम सुटतो, उष्णता बाहेर फेकली जाते. म्हणूनच नंतर थंडी वाजते. म्हणजे ती वाफ हा अंग गार करायचाच प्रकार आहे, फक्त गरज नसताना केलेला. हे मला कळलं तेव्हा निम्मी भीतीच गेली, कारण तोपर्यंत मला वाटायचं की हार्टचं काहीतरी आहे.

कोणत्या वयात सुरू होतं आणि किती दिवस चालतं?

आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७च्या आसपास जाते, पाश्चात्य देशांत ५१च्या सुमारास. सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात, पण वाफा त्याच्या कितीतरी आधी, पाळी मागेपुढे व्हायला लागली की सुरू होऊ शकतात. (ह्या काळात दिवस राहू शकतात हेही लक्षात ठेवा, पाळी चुकतेय म्हणजे आता काळजी नाही असं नसतं.)

किती दिवस, ह्याचं उत्तर ऐकून मला रडूच आलं होतं. मला वाटत होतं सहा महिने, फार तर वर्ष. अमेरिकेत बऱ्याच वर्षांचा एक मोठा अभ्यास झाला, स्वान नावाचा, त्यात ज्यांना वारंवार वाफा येत होत्या त्यांचा मध्यावरचा आकडा निघाला ७.४ वर्षं. म्हणजे निम्म्या बायकांना त्याहूनही जास्त. म्हणून तर म्हणते, दात-ओठ खाऊन सोसून काढू ह्या विचाराने बसू नका, हा पाहुणा दोन दिवसांचा नाही.

जवसच का? बाकी इतक्या बिया आहेत.

जवसात लिग्नन नावाचे घटक असतात आणि आपण खातो त्या पदार्थांत सगळ्यात जास्त लिग्नन जवसातच सापडतात. आतड्यातले चांगले बॅक्टेरिया त्याचं रूपांतर अशा पदार्थात करतात जो थोडासा, अगदी थोडासा, इस्ट्रोजेनसारखा वागतो. तिळातही लिग्नन असतात, पण जवसाचं माप मोठं. शिवाय फायबर भरपूर, ओमेगा-३ आहे, आणि विदर्भात-मराठवाड्यात हे पिढ्यान्पिढ्या खाल्लं जातंय, त्यामुळे कुठली परदेशी पुडी विकत आणायला नको. वाण्याकडे सहज मिळतं आणि महिन्याचा खर्च एका फेशियलच्या पावपटही नाही.

एक मात्र नीट बघा. जवस वेगळं आणि जव वेगळं. जव म्हणजे बार्ली, धान्य. जवस म्हणजे अळशी, चपटं, तपकिरी, हातात घेतलं की निसटणारं गुळगुळीत बी. माझ्या एका मैत्रिणीने ऑनलाइन मागवताना जव मागवलं आणि पंधरा दिवस तेच दळून पीत होती.

बरं, रेसिपी सांगा आता.

पाव किलो जवस आणा, पण एका वेळी त्यातलं आठ-दहा दिवसांपुरतंच घ्या. आधी निवडून, पाखडून घ्या, ह्यात बारीक खडा हमखास असतो. लोखंडी कढईत मंद आचेवर भाजा, सारखं हलवत, चार-पाच मिनिटांत तडतड आवाज यायला लागतो आणि खमंग वास सुटतो, तेवढ्यावर गॅस बंद करून लगेच ताटात काढा कारण कढईतच ठेवलं तर खालच्या बिया जळून कडू होतात. त्याच कढईत दोन चमचे बडीशेप आणि एक चमचा जिरं नुसतं कोमट करून घ्या. सगळं पूर्ण गार होऊ द्या, हे महत्त्वाचं, गरम दळलं तर तेल सुटून गोळा होतो आणि मिक्सरच्या पात्याला चिकटून बसतो. मग थांबून थांबून फिरवा, रव्यासारखी भरड ठेवा, पिठासारखं बारीक नको.

काचेच्या बरणीत भरून फ्रीजमध्ये. एका वेळी आठ-दहा दिवसांचंच करा. जवसाचं कूट लवकर खवट होतं, वास घेऊन बघायचं, जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास आला तर सरळ फेकून द्या, वाया जातं म्हणून पिऊ नका.

ताक पातळ हवं, घरचं. एक मोठा पेला ताक, त्यात आधी पहिला आठवडा एक छोटा चमचा भरड, मग पोट सवय करून घेतं तसं एक मोठा चमचा. चिमूटभर सैंधव, दोन पुदिन्याची पानं चुरून, वाटलं तर किसलेलं आलं अगदी थोडं. ढवळलं की लगेच प्यायचं. दहा मिनिटं तसंच ठेवलं की जवस फुगतं आणि ताक बुळबुळीत, दाट होतं, मग घशाखाली उतरत नाही आणि बायका म्हणतात हे कसलं औषध. तसं झालंच तर पाणी घालून पातळ करा. वरून एक पेला साधं पाणी प्यायचंच, ते विसरू नका.

अख्खे जवस भिजवून गिळले तर चालत नाही का? दळायची कटकट नको.

नाही. वरचं टरफल इतकं चिवट असतं की अख्खी बी पोटातून जशीच्या तशी बाहेर पडते. पोट साफ व्हायला मदत होईल तेवढीच, लिग्नन बिग्नन काही मिळणार नाहीत.

मला ताक चालत नाही / संधिवाताने आंबट बंद आहे.

कोमट पाण्यात लिंबाशिवाय घ्या, किंवा नाचणीच्या आंबिलीत, भाजणीच्या पेजेत, काहीही पातळ चालेल. ताकाची माझी आवड आहे, त्यात जादू नाही. माझी जाऊ तर सरळ वरणावर घालून खाते. चटणी म्हणून भाकरीबरोबर खाल्लं तरी तेच आहे, फक्त मीठ-तिखट जास्त जातं आणि तिखटाने काहींच्या वाफा भडकतात.

सब्जा घालू का?

घाला की, पण वेगळा. मी दुपारी कोकम सरबतात घालते. एक छोटा चमचा सब्जा अर्धी वाटी पाण्यात १५-२० मिनिटं भिजवायचा, प्रत्येक बी भोवती पांढरट जेली धरली की तयार. कोरडा सब्जा कधीही तोंडात टाकू नका, घशात जाऊन फुगला तर अडकू शकतो, विशेषतः ज्यांना गिळायला त्रास होतो अशा वयस्कर बायकांनी तर अजिबातच नाही. सब्जाने हॉट फ्लॅश कमी होतात असा काही पुरावा माझ्या वाचनात नाही आलेला, पण मे महिन्यात आणि ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी चार वाजता तो गार पेला हातात असला की जीव थंड होतो, हे खरं आहे आणि पाणीही पोटात जातं.

जवस उष्ण असतं ना? आई म्हणायची उन्हाळ्यात खाऊ नये. मग वाफा वाढणार नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आयुर्वेदात जवस उष्णच मानलंय, माझी आईही थंडीतच चटणी करायची. म्हणूनच मी ताकातून घेते, पाण्याबरोबर, आणि बडीशेप घालते. वर सांगितलं तसं ह्या वाफा म्हणजे पोटातली उष्णता नव्हे, मेंदूतल्या थर्मोस्टॅटचा घोटाळा आहे, त्यामुळे जवसाने त्या वाढतात असं मला तरी कुठे दिसलं नाही. पण तुमचं अंग तुम्हाला माहीत. घेतल्यावर तोंड येतंय, पोटात आग होतेय, तर बंद करा, हट्टाला पेटू नका.

आता खरं सांगा, ह्याने फरक पडतो का?

इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण इथेच सगळे जण अर्धं सांगतात.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने आधी एक छोटा प्रयोग केला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. २९ बायका, रोज ४० ग्रॅम दळलेलं जवस, सहा आठवडे. वाफांची संख्या निम्म्यावर आली. हाच आकडा घेऊन सगळीकडे बोंब झाली, जवस खा आणि पन्नास टक्के वाफा घालवा. पण त्या प्रयोगात तुलनेला दुसरा गट नव्हता. म्हणून त्याच लोकांनी पुढे मोठा प्रयोग केला, १८८ बायका, अर्ध्यांना जवसाची वडी आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी पण जवस नसलेली वडी, कोणाला कुठली ते माहीत नाही. २०१२ मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत साधारण एक तृतीयांश बायकांच्या वाफा निम्म्याने कमी झाल्या. दोन्ही गटांत! म्हणजे जवसवाल्यांना बिनजवसवाल्यांपेक्षा जास्त काही मिळालं नाही.

हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस नाराज होते कारण मला तर फरक वाटला होता. माझ्या वाफा दिवसाला नऊ-दहा होत्या त्या तीन महिन्यांत पाच-सहावर आल्या. आता मागे वळून बघते तर त्याच तीन महिन्यांत मी सकाळचा दुसरा चहा सोडून ताक प्यायला लागले होते, पाणी दुप्पट झालं होतं, चालायला जायला लागले होते आणि मुख्य म्हणजे मी स्वतःसाठी काहीतरी करतेय ही भावना होती. ह्यातलं किती जवसाचं आणि किती बाकीचं, ते कोणीही सांगू शकणार नाही. म्हणून मी कोणालाही म्हणत नाही की जवसाने वाफा जातात. मी म्हणते की चांगलं अन्न आहे, पोट साफ राहतं, कोलेस्ट्रॉलला थोडी मदत होते, वाफांना झाला तर फायदा. तेवढ्या अपेक्षेने घ्या.

बडीशेपेचं काय? तिचा काही उपयोग?

तेहरानमध्ये २०१७ साली बडीशेपेच्या कॅप्सूलचा एक छोटा प्रयोग झाला, १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आठ आठवडे, आणि एकूण त्रासाच्या मोजमापात सुधारणा दिसली. पण छोटाच आहे, त्यावर फार इमारत बांधू नका. मी चवीसाठी घालते, गॅस कमी होतो, आणि जवसाच्या बुळबुळीतपणावर तिचा वास बरा वाटतो.

किती दिवसांनी कळेल?

सहा ते आठ आठवडे द्या. आणि मोजा. नुसतं "बरं वाटतंय" ह्याला अर्थ नाही, आपलं मन एक दिवस चांगलं गेला की सगळं चांगलं म्हणतं. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोजच्या चौकटीत रेघा मारायचे, एक वाफ एक रेघ, रात्री झोपमोड झाली तर रेघेवर टिंब. सुरू करायच्या आधी एक आठवडा रेघा मारा, म्हणजे तुलना करता येईल. ह्या रेघांचा आणखी एक उपयोग आहे जो मला नंतर कळला, डॉक्टरांसमोर "खूप होतं हो" म्हणण्यापेक्षा कॅलेंडरचं पान पुढे ठेवलं की ते ऐकतात.

आठ आठवड्यांत रेघा तेवढ्याच असतील तर ह्याने होणार नाही असं समजा आणि पुढचा उपाय बघा. जवस खायचं तर खा, पण वाट बघत बसू नका.

कोणी घेऊ नये?

आतड्याला अडथळा, आतडं अरुंद असणं असं काही आधी झालेलं असेल त्यांनी नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, शुगरच्या किंवा बीपीच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारून, कारण जवसाने शुगर आणि बीपी थोडं उतरू शकतं. ऑपरेशन ठरलं असेल तर आधीच सांगा. ज्यांना स्तनाचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालाय किंवा उपचार चालू आहेत त्यांनी स्वतःच्या मनाने काहीही सुरू करू नये, ना जवस ना शतावरी ना सोया, कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा, तेच सांगतील. तीळ किंवा जवसाची अॅलर्जी असेल तर प्रश्नच नाही.

थायरॉइडची गोळी सकाळी घेते, मग ताक कधी?

गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबरच घ्या, ताक नाश्त्यानंतर किंवा दुपारच्या जेवणाबरोबर. जवसाचं फायबर कोणत्याही गोळीला पोटात धरून ठेवू शकतं, त्यामुळे एक सोपा नियम, गोळी घेतल्यानंतर दोन तास तरी जाऊ द्या. माझ्या नणंदेचा टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या तपासणीतला आकडा, वाढला तेव्हा डॉक्टर डोस वाढवायला निघाले होते, मग विचारताना लक्षात आलं की ती गोळी आणि जवस एकाच घोटात घेत होती.

जवसाचं तेल घेतलं तर सोपं पडेल ना?

तेलात ओमेगा-३ असतं पण लिग्नन आणि फायबर जवळपास नसतंच, ते चोथ्यात राहतं. आणि एक धोक्याची गोष्ट, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते जवसाचं तेल रंगात आणि लाकडाच्या पॉलिशला वापरायचं असतं, त्यात वाळायची केमिकल घातलेली असू शकतात. ते पोटात घ्यायचं नाही, कितीही स्वस्त असलं तरी.

सीड सायकलिंग करू का? पंधरा दिवस जवस-भोपळा, पंधरा दिवस तीळ-सूर्यफूल?

बिया चांगल्याच आहेत, खा. पण पाळीच्या तारखांप्रमाणे बिया बदलल्याने हार्मोन्स जागेवर येतात ह्याला भक्कम आधार नाही, आणि ज्यांची पाळीच थांबली त्या कुठल्या तारखेला बदलणार?

माझी पिशवी ३४व्या वर्षी काढली, तेव्हापासून वाफा येतात. मला चालेल का हे ताक?

ताई, ताक प्या, पण तुम्हाला तेवढ्यावर भागणार नाही. आधी कागद काढून बघा, नुसती गर्भपिशवी काढलीय की बीजकोशही काढलेत. बीजकोश काढले असतील तर इस्ट्रोजेन एका दिवसात बंद होतं, हळूहळू नाही, म्हणून वाफा फार जोरात येतात. नुसती पिशवी काढली तरी बीजकोश थोडे लवकर थकतात. आणि इतक्या लहान वयात इस्ट्रोजेन गेलं की हाडं ठिसूळ होणं, हृदयाचे त्रास, हे सगळं लवकर मागे लागतं, त्यामुळे तुम्हाला हार्मोनची गोळी द्यायची की नाही हे स्त्रीरोगतज्ज्ञांनी ठरवायलाच हवं.

ह्याबद्दल लिहिताना मला राग आवरत नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची सरकारी समितीने पाहणी केली, ८२ हजारांहून जास्त बायका, त्यातल्या १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी पस्तिशीच्या आतल्या. अंगावरून पांढरं जातंय, पोटात दुखतंय म्हणून गेल्या आणि पिशवी काढून परत आल्या, फडावर खाडा नको म्हणून. पुढे काय होणार ते कोणी सांगितलं नाही. त्या उन्हात कोयता चालवताना ह्या वाफा कशा सोसत असतील ते आपण एसीत बसून वाफांना वैतागणाऱ्यांनी एकदा डोळ्यांसमोर आणावं.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

पाळी वर्षभर बंद होती आणि पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागभर का होईना, तर त्याच आठवड्यात. हे सगळ्यात आधी लिहितेय कारण बायका ह्याला "पुन्हा पाळी आली" म्हणून सोडून देतात, ते सोडायचं नसतं. रात्री घाम येतोय पण बरोबर संध्याकाळचा बारीक ताप, खोकला, वजन उतरणं असं असेल तर तो मेनोपॉज नसून टीबी असू शकतो, तपासून घ्या. वजन उतरतंय, हात थरथरतात, सारखी धडधड होते, तर थायरॉइड. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांना घाम फुटला तर आधी शुगर मोजा, ती कमी झालेली असू शकते. छातीत दुखून घाम आला तर वाफ समजून पंख्याखाली बसू नका, सरळ हॉस्पिटल. आणि चाळिशीच्या आत पाळी जायला लागली असेल तर घरगुती उपायात एक दिवसही घालवू नका.

आणि ह्यातलं काहीच नाही, फक्त झोप होत नाहीये, चिडचिड होतेय, कामावर लक्ष लागत नाहीये? तरीही जा. तेवढं कारण पुरेसं आहे.

डॉक्टर काय देतात? हार्मोनने कॅन्सर होतो म्हणतात.

वाफांवर सगळ्यात जास्त गुण येतो तो हार्मोन थेरपीनेच, हे जगभरातले तज्ज्ञ सांगतात. भीती बसली ती २००२ मध्ये, अमेरिकेतला एक मोठा प्रयोग मध्येच थांबवला तेव्हा, स्तनाचा कॅन्सर, गुठळ्या आणि स्ट्रोक वाढलेले दिसले म्हणून. पण त्यातल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. नंतर नीट बघितल्यावर असं मानलं जातं की साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत असलेल्या, बाकी तब्येत चांगली असलेल्या बहुतेक बायकांना त्रास जास्त असेल तर फायदा धोक्यापेक्षा मोठा असतो. सगळ्यांना चालत नाही, कॅन्सर, गुठळ्या, लिव्हरचा आजार असेल तर नाही. त्यांच्यासाठी बिनहार्मोनच्या गोळ्या आहेत, डिप्रेशनच्या काही गोळ्या अगदी कमी डोसमध्ये वाफांवर चालतात, गाबापेंटिन आहे, आणि मेंदूतल्या त्या थर्मोस्टॅटवरच काम करणारं फेझोलिनेटंट नावाचं औषध, ज्याला अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, त्यात लिव्हरच्या तपासण्या करत राहावं लागतं. सीबीटी नावाच्या समुपदेशनाचाही, ज्यात विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवतात, फायदा होतो.

मी पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी मान वर न करता सांगितलं, "या वयात होतंच." मी गप्प उठून आले आणि पुढचं दीड वर्ष तसंच काढलं. तुम्ही तसं करू नका. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जा. दुसऱ्या मॅडमनी माझं कॅलेंडर बघितलं, बीपी घेतलं, मॅमोग्राफी करायला लावली, आणि मग गोळी सुरू केली. हो, मी गोळीही घेते. ताकही पिते. लपवायचं काय त्यात.

वाफ आली की त्या क्षणी काय करू?

थांबा, हातातलं काम ठेवा, मनगटावर गार पाणी सोडा, ओल्या रुमालाने मान पुसा. सुती कपडे, सैल ब्लाउज, थंडीतही वर शाल आणि आत पातळ सुती, म्हणजे पटकन काढता येतं. हळदीकुंकवाला मी काठापदराची साडी नेसणं सोडलं, सुती नेसते, लोक काय म्हणतील ते म्हणू देत. गरम चहा, खूप तिखट आणि दारू ह्याने कोणाकोणाच्या वाफा निघतात, तुमच्या कशाने निघतात ते कॅलेंडरवर कळेल. पोटावरचं वजन थोडं उतरलं तरी फरक पडतो.

माझ्या आईने-सासूने कधी असलं काही केलं नाही, आपणच फार लाड करतो का?

माझी आई दुपारी जेवणं आटोपली की शहाबादी फरशीवर आडवी व्हायची, चटई न घेता, पदर बाजूला करून पाठ उघडी फरशीला लावून. आम्ही पोरं म्हणायचो, आई तिथे गार लागेल. ती म्हणायची, लागू दे. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होते. ती का झोपायची तशी, ते मला ४७व्या वर्षी कळलं, मी स्वतः बाथरूमच्या भिंतीला पाठ टेकून उभी होते तेव्हा. त्यांनाही होत होतं, फक्त त्याला नाव नव्हतं आणि विचारणारं कोणी नव्हतं.

बायकोला हे सगळं होतंय, मी नवरा म्हणून काय करू?

हा प्रश्न आतापर्यंत दोनच जणांनी विचारलाय, दोघांचंही मला कौतुक वाटलं. रात्री ती पंखा पाचवर करेल तेव्हा तुम्ही पांघरूण घ्या, पंखा कमी करू नका. तिच्या उशाशी पाण्याची बाटली आणि कोरडा अभ्रा ठेवा. सगळ्यांसमोर "काय झालं, एवढा घाम का आला" असं विचारू नका, नुसती खिडकी उघडा. डॉक्टरकडे बरोबर जा. आणि रविवारी सकाळी जवस भाजून दळायचं काम तुम्ही घ्या, गॅससमोर उभं राहायचं असतं ते, तिला त्याचाच त्रास होतो. मंद आच, सारखं हलवायचं, तडतडलं की लगेच ताटात.